शिशाचा पाचवा ठोकळा

७ जून

प्रिय मामा,

वाकून नमस्कार म्हणायचं असतं, पण सध्या वाकलं की दम लागतो, म्हणून बसूनच नमस्कार.

फोनवर तू "बरी आहेस ना?" एवढंच विचारतोस आणि फोन मामीच्या हातात देतोस. पत्र तुला तसं मामीकडे ढकलता येणार नाही, म्हणून लिहितेय.

गेल्या महिन्यात पाण्याच्या मोठ्या टाकीची मोजमापं घ्यायला गेले होते. शहाण्णव पायऱ्या. पाइपांचे नकाशे काढायला लागल्यापासून ती टाकी मी एका दमात चढत आलेय. या वेळी तीनदा बसले. टाकीवरच्या माणसाने स्वतःचं स्टूल पायऱ्यांवर आणून दिलं आणि म्हणाला, "बाई, तुमचे ओठ निळे पडलेत." पाय तर संध्याकाळी असे सुजतात की चपलेचा पट्टा लागत नाही.

ह्यांनी ऐकलंच नाही. बसची ड्युटी बदलून घेतली आणि मला दवाखान्यात नेलं. तिथल्या सर्जनने बरंच काही तपासलं. हृदयाला बाहेरून एक पातळ आवरण असतं, ते माझं जाड आणि कडक झालंय म्हणे, वाळलेल्या चामड्यासारखं. आत हृदयाला नीट फुलताच येत नाही. मग त्याने विचारलं, "लहानपणी छातीला शेक दिला होता का? किरणांचा?"

मी म्हटलं, हो. तेरा वर्षांची असताना, मानेत आणि छातीत गाठी झाल्या होत्या तेव्हा. आणि मशीन माझा सख्खा मामाच चालवत होता. त्याने पेन खाली ठेवलं.

किती दिवस दिला, कुठून कुठपर्यंत, त्या वेळी काय काय झाकलं होतं, हे सगळं त्याला हवंय. हॉस्पिटलात विचारलं, तर तीस वर्षांपूर्वीचा कागद कुठला मिळायला! पण तू तिथे चौतीस वर्षं काढलीस. तुला काही आठवतं का? मला फक्त तुझी जांभळी शाई आठवते. गळ्यापासून बरगड्यांपर्यंत रेघा आखायचास आणि आईला बजावायचास, "महिनाभर इथे पाणी लागता कामा नये."

मामीला सांग, काळजीचं काही नाही.

तुझी,
भिंगरी

१५ जून

चि. भिंगरीस भरभरून आशीर्वाद.

पत्र मिळालं. मामीने दोनदा वाचलं आणि मला सांगितलंय की वजन कमी कर असं तुला लिही. लिहिलं.

बाळ, छातीच्या दुखण्याला शंभर कारणं असतात. हल्लीच्या डॉक्टरांना शेक म्हटलं की सगळं त्याच्याच माथी मारायची सवय लागलीय. आमचं मशीन कोबाल्टचं होतं. कोबाल्ट दर महिन्याला थोडा थोडा म्हातारा होतो, सव्वापाच वर्षांत निम्म्यावर येतो. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी तक्ता काढून वेळ वाढवायचो. जानेवारीत दोन मिनिटं तर डिसेंबरात सव्वादोन. एक सेकंद इकडे तिकडे होऊ दिला नाही कधी. फिजिक्सवाले साहेब म्हणायचे, तुझ्या तक्त्यावर घड्याळ लावावं.

शेकाच्या नोंदींच्या कार्डांचं म्हणशील, तर मशीन काढलं तेव्हा सगळं रद्दीत गेलं. आणि माझी स्मरणशक्ती म्हणजे काय सांगू, सकाळी चष्मा कुठे ठेवला ते मामीला विचारावं लागतं.

तू वाचलीस हे बघ. त्या वर्षी त्या वॉर्डातली सगळीच पोरं घरी गेली नाहीत.

दम फार लागत नाही ना?

मामा

२४ जून

प्रिय मामा,

लागतो. आता जिना चढूनही लागतो. ऑफिसने टाक्यांवर जायचं बंद केलंय, टेबलापाशी बसून दुसऱ्यांनी आणलेली मापं कागदावर उतरवते. हे घरी येतात तेव्हा मी उशा रचून बसलेली असते, कारण आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. तुझ्यापासून लपवणार होते. पण आता लपवून भागणार नाही.

नीट वाच. ते आवरण सोलून काढायचं ऑपरेशन असतं. अवघड असतं, पण जमलं तर माणूस पुन्हा चालता-फिरता होतो. फक्त एक अडचण आहे. आवरणाच्या आतल्या हृदयालाही पूर्ण शेक बसला असेल तर आतला स्नायूही आखडलेला असतो. मग आवरण सोलून उपयोग नाही. उलट टेबलावरून उठेनच याची खात्री नाही. पण त्या वेळी हृदय शिशाने झाकलेलं असेल, तर सर्जन करायला तयार आहे. त्याचा अंदाज आहे की झाकलं असावं, तेव्हा तशी पद्धत होती. पण अंदाजावर तो छाती उघडणार नाही.

म्हणून ते कार्ड. रद्दी कोणी नेली, कुठे नेली, कोणाकडे काही उरलं असेल का, जरा विचार ना.

तुझ्यावर काही ढकलत नाहीये रे. त्या मशीनने मला तीस वर्षं दिली. शिक्षण, नोकरी, नवरा, सगळं त्यातच झालं. आई तर मरेपर्यंत म्हणायची, माझ्या भावाने माझी पोर परत दिली.

तुझी,
भिंगरी

२ जुलै

चि. भिंगरीस आशीर्वाद.

कार्ड मिळालं. जुन्या पेटीत, माझ्या कामाच्या डगल्याखाली होतं. सोबत पाठवतोय. बावीस दिवसांचे आकडे आहेत, वेळ आहे, शरीर झाकायला शिशाचे कुठले ठोकळे ठेवले त्याच्या खुणा आहेत. सर्जनला दाखव.

आणखी काही विचारू नकोस, मला यापेक्षा जास्त आठवत नाही.

मामा

११ जुलै

माझ्या लाडक्या, गुणी मामा,

तीस तारखेला ऑपरेशन!

सर्जनने कार्ड दोनदा वाचलं. मग बोट ठेवून मला दाखवलं. फुप्फुसांवर दोन ठोकळे, खांद्यांवर दोन, आणि तेराव्या दिवसापासून पाचवा, बरोबर हृदयावर. दहाच्या दहा दिवस तुझी बरोबरची खूण. म्हणाला, "हृदयाने निम्माच शेक खाल्लाय. आतला स्नायू चांगला असणार. करू या." आणि म्हणाला, "ज्यांनी हे कार्ड जपून ठेवलं त्यांना माझा नमस्कार सांगा."

हे दवाखान्याच्या पायरीवरच बसले आणि रडायला लागले. एवढा मोठा माणूस, अंगावर बसचा गणवेश! येणारे-जाणारे बघत होते.

मला पाचवा ठोकळा आठवत नाही, बरं का. चारच आठवतात. पण तेरा वर्षांच्या पोरीला डोळे घट्ट मिटल्यावर काय दिसणार?

मी बुटांचा जोड घेऊन ठेवलाय. अजून पायात जात नाही, पण सूज उतरली की जाईल. दुसऱ्यांदा वाचवलंस, मामा.

तुझीच,
भिंगरी

१४ जुलै

भिंगरी,

ऑपरेशन थांबव. आधी एवढंच सर्जनला जाऊन सांग, मग पुढचं वाच. जलद टपालाने पाठवतोय, दुसरी प्रत सर्जनच्या नावाने वेगळी पाठवलीय. त्याआधी फोन केला होता. तू "मामा" म्हणालीस आणि मी ठेवून दिला. न बोलता ठेवलेला तो फोन माझाच होता.

तुला चारच ठोकळे आठवतात, कारण चारच होते.

बाराव्या दिवशी तुझ्यावरचा ठोकळ्यांचा ट्रे सरकवताना डाव्या खांद्यावरच्या ठोकळ्याचा स्क्रू ढिला झाला आणि ठोकळा सुटला. तुझ्या कानापासून वीतभर अंतरावर टेबलावर आदळला. दोन किलो शिसं. तू ओरडली नाहीस. नुसती माझ्याकडे बघत राहिलीस.

दुसऱ्या दिवशी तुझ्या हृदयावर पाचवा ठोकळा चढवायचा होता, सगळ्यात जड. तू दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून उभी राहिलीस. तुझ्या आईने तुझी बोटं एकेक करून सोडवायचा प्रयत्न केला आणि मग स्वतःच मटकन खाली बसली. मला म्हणाली, "दादा, तिच्यावर आणखी काही ठेवू नकोस रे. ती जीव मुठीत धरून झोपते तिथे." मी तुझ्यासमोर उकिडवा बसलो आणि म्हणालो, "नवीन काही नाही ठेवणार. मामाचं वचन." तेव्हा तू आत आलीस.

मला वाटलं, आजच्या दिवस. उद्या समजूत काढू. पण उद्या तू एकटी, आईचा हात सोडून आत चालत आलीस, ट्रेकडे बघून चार मोजलेस आणि माझ्याकडे बघून हसलीस. मला ते मोडवेना. मग परवा. मग दहा दिवस झाले. शनिवारी डॉक्टर कार्ड बघायचे, म्हणून रोज खूण करत गेलो. त्या दहाही खुणा खोट्या आहेत.

डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी काहीतरी वाट काढली असती. नवा ट्रे मागवला असता, तुला गुंगीचं औषध दिलं असतं. एक स्क्रू बदलायचा होता. मी भ्यालो, की हलगर्जीपणा माझ्या नावावर लागेल.

मशीन काढलं तेव्हा ते कार्ड मी रद्दीतून उचललं. जपायला नाही, लपवायला. आणि तू मागितलंस तेव्हा वाटलं, या खुणांनी तुला ऑपरेशन तरी मिळेल. कसं वाटलं असेल, ते आता मलाच कळत नाही. तुझ्या पत्रात बुटांचं वाचलं आणि हे लिहायला बसलो.

मामा

२० ऑगस्ट

चि. भिंगरीस,

महिना होऊन गेला. फोन केला तर जावईबापू म्हणाले, "ती बोलणार नाही. ऑपरेशन झालेलं नाही." एवढंच.

काहीही लिही. शिव्या लिही. नुसता कोरा कागद पाठवलास तरी चालेल, पाकिटावर तुझं अक्षर असेल.

मामा

९ सप्टेंबर

मामा,

ऑपरेशन रद्द झालं. सर्जनने मानेच्या शिरेतून नळी घालून हृदयाच्या स्नायूचा बारीकसा तुकडा काढला आणि तपासला. आतला स्नायूही गेलेला आहे. ऑपरेशन केलं असतं तर मी टेबलावरून उठले नसते, असं त्याने स्पष्टच सांगितलं. म्हणजे तुझ्या पत्राने मला वाचवलं. आणि त्याच पत्राने वाचायची आशाही काढून घेतली. यातल्या कशासाठी रडायचं हे मला इतके दिवस ठरवता आलं नाही, म्हणून लिहिलं नाही.

पाचवा ठोकळा ठेवला असता तर? विचारलं मी. तो म्हणाला, थोडंफार झालंच असतं, त्या काळच्या शेकात ते असायचंच. किती कमी झालं असतं, ते कुणी सांगू शकत नाही. तेव्हा तुला हवं तर तेवढ्यावर समाधान मान.

चौकट धरून उभी राहिलेली मी मला आठवते. तू उकिडवा बसलास तेही आठवतं. त्या दिवसाचा मला राग नाही. तू भित्रा होतास, मी भित्री होते, आई रडत होती. समजू शकते.

पण पुढची तीस वर्षं?

माझ्या लग्नात दिवसभर माझ्या मागेपुढे होतास. तेव्हा कानात सांगायचं होतंस, "पोरी, दोन वर्षांतून एकदा हृदय दाखवून घेत जा." कारण नसतं सांगितलंस तरी मी गेले असते. मामाने सांगितलं म्हणून गेले असते. सर्जन म्हणतो, दहा वर्षांपूर्वी कळलं असतं तर औषधांनी बरंच लांबवता आलं असतं. मी शहाण्णव पायऱ्या चढत होते आणि तुला माहीत होतं. पूर्वी पत्रं लिहायचास तेव्हाही दर पत्रात शेवटी विचारायचास, "दम लागत नाही ना?" मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाची सवय आहे. आम्ही दोघं त्यावर हसायचो.

कोबाल्ट किती वर्षांत निम्मा होतो ते मला पुन्हा लिहू नकोस.

एकच विचारायचंय. तुझ्या हाताखालून गेलेली माझ्यासारखी पोरं आणखी किती होती? त्यांना कुणी सांगितलंय?

भिंगरी

२१ सप्टेंबर

भिंगरी,

सदतीस. पंधरा वर्षांखालची, छातीला शेक दिलेली, आणि बरी होऊन घरी गेलेली. वेळेचे हिशेब करायची माझी वही आहे, तीत प्रत्येकाचं नाव आणि तेव्हाचा पत्ता आहे. तुला आता माझ्यावर विश्वास ठेवायचं कारण नाही, पण त्यांच्यापैकी कुणाचाही ठोकळा मी चुकवला नाही. तरी तुझा सर्जन म्हणतो ते खरंच आहे. ठोकळा ठेवूनही थोडंफार होतंच.

मी हॉस्पिटलात गेलो. काउंटरवरच्या मुलीने अर्ज करायला सांगितला. अर्ज केला. साहेबांना भेटलो. साहेब म्हणाले, "आजोबा, तीस वर्षांनी लोकांना घाबरवून काय मिळवणार?" हे वाक्य मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलोय की त्यांच्या तोंडून ऐकलं आणि तिथून उठलो.

तेव्हा आता मीच पत्रं लिहिणार आहे, सदतीसच्या सदतीस. काय लिहावं ते सर्जनला विचारून कळवशील का? अक्षर आता वाकडं येतं, पण होईल.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुला द्यायची की नाही याचा विचार करत बसावं लागेल, आणि तुला आधीच दम लागतो.

मामा

३ ऑक्टोबर

मामा,

सर्जनने मजकूर लिहून दिलाय. साधा आहे, कुणी घाबरणार नाही. हृदय तपासून घ्या, स्त्रियांनी स्तनांचीही तपासणी लवकर सुरू करावी, गळ्याची ग्रंथी बघून घ्यावी, आणि डॉक्टरांना शेकाबद्दल सांगावं. खाली त्याची सही आहे आणि शेजारी तुझी जागा मोकळी ठेवलीय. सही कर.

यादी इकडे पाठव. पाकिटं मी लिहिते. तुझ्या अक्षरातला पत्ता पोस्टमनच्या बापालाही लागायचा नाही. ऑफिस सुटलंय, दिवसभर खुर्चीतच असते. नकाशावर अक्षरं काढतात तशी सुटी, सरळ अक्षरं काढते, एका दिवसात दोन-तीन होतात. ज्यांचे पत्ते जुने आहेत त्यांचे नवे पत्ते हे शोधून आणतात. बसचे वाहक-चालक सगळीकडे ओळखीचे असतात, त्याचा हा उपयोग.

माफीबद्दल लिहायला तीनदा कागद घेतला. नाही जमलं.

इकडे येऊ नकोस. अजून नको.

भिंगरी

१२ फेब्रुवारी

मामांना नमस्कार.

फोनवर मी तुम्हाला तारीख तेवढी सांगितली, बाकी बोलवलं नाही. ती चार तारखेला दुपारी गेली. खिडकीपाशी, खुर्चीत. मी चहा ठेवायला आत गेलो होतो. गाळून बाहेर आणला, तेवढ्यात.

शेवटचे दोन महिने पोटात पाणी व्हायचं, ते काढायला न्यायचो. गाडीत माझ्याच सीटमागे बसायची आणि मी खड्डा चुकवला नाही की म्हणायची, "परवाना कुणी दिला हो तुम्हाला?"

तुम्ही विचारलंत, शेवटी माझ्याविषयी काही म्हणाली का. मामा, नाही म्हणाली. दोन दिवस विचार केला, काहीतरी गोड लिहून टाकावं. पण खोट्या खुणांनी या घराचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. ती तुमच्यावर रागावलेली होती आणि रोज सकाळी तुमची यादी मांडीवर घेऊन बसायची. दोन्ही खरं आहे. मला यातून काही अर्थ काढता येत नाही.

चौतीस पाकिटं टपालात पडली. सोळा जणांची उत्तरं आली. पाच जण आता नाहीत, त्यांच्या घरच्यांनी कळवलं. दोन पाकिटं पत्ता न लागल्यामुळे राहिलीत. एक अर्धं आहे. त्यावर नाव पूर्ण आहे, घर नंबर आहे, पुढे पेनाची रेघ खाली गेलीय. ती तिन्ही सोबत पाठवतोय. यादीत पत्ता आहे, तुम्ही पुरा करा.

तुमचा,
जावई

९ मार्च

जावईबापूंस आशीर्वाद.

त्या पाकिटावर मी काही लिहिलं नाही. तिच्या अक्षराखाली माझं अक्षर घालवेना. पाकीट खिशात घातलं आणि स्वतःच गेलो. दोन गाड्या बदलल्या, शेवटचं मैलभर चाललो.

कपड्यांना इस्त्री करायचं दुकान निघालं. बाई चाळिशीच्या आत-बाहेर असतील. मी नाव विचारलं, त्यांनी मान वर केली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही रेघा आखणारे काका ना?"

मी पाकीट दिलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. म्हणाल्या, दम तर लागतो, पण मला वाटायचं वाफेने लागतो. दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन तुमच्या सर्जनकडे गेलो. रांगेत चार तास बसलो. एक झडप घट्ट व्हायला लागलीय, पण स्नायू चांगला आहे. वेळेवर आलात, असं सर्जन म्हणाला. औषधं सुरू झाली. पुढे-मागे झडप बदलावी लागेल, ती बदलता येते.

परत दुकानात आल्यावर त्यांनी विचारलं, "पाकिटावर नाव इतकं सुंदर कुणी लिहिलंय? माझं नाव असं कुणीच कधी लिहिलं नव्हतं." मी म्हटलं, भाचीने. त्या म्हणाल्या, मला त्यांना भेटायचंय.

जावईबापू, मग मी सांगितलं. दुकानात उभा राहून, स्क्रूपासून चार तारखेपर्यंत, एकही गोष्ट न गाळता. हे आयुष्यात पहिल्यांदा तोंडाने बोललो. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली, बटण बंद केलं, बाकावरचे कपडे उचलून मला बसायला जागा केली. तिथे मी रडलो. तुमच्या दारात येऊन रडायचा हक्क मला नव्हता.

गिऱ्हाईक आलं, त्याला त्या "नंतर या" म्हणाल्या. मग मला पाणी दिलं आणि विचारलं, पाकीट मी ठेवून घेऊ का. पत्ता अर्धाच आहे, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, असू द्या.

उरलेल्या दोघांचा शोध चालू आहे.

मामा